घोटीव की खरखरीत?

“आंगनच तं आहे गुरुजी, इमानतळ थोडीच बनवाचा आहे!”

मिस्त्री हे पहिल्यांदा म्हणाला दिवाळीनंतर, दुसऱ्यांदा संक्रांतीला आणि तिसऱ्यांदा होळीच्या तोंडावर. तिन्ही वेळा तो आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायला आणि काम न करता परत गेला. दोष त्याचा नव्हता. बावीस फूट बाय अठरा फुटांचं अंगण वरून कसं करून घ्यायचं, घोटीव की खरखरीत, एवढं एकच मी त्याला सांगायचं होतं. छत्तीस वर्षं पोरांना क्षेत्रफळ शिकवलेल्या माणसाला तीनशे शहाण्णव चौरस फुटांचा निर्णय होत नव्हता.

सुरुवात झाली ती मायपासून. मागच्या श्रावणात ती अंगणातल्या चिखलात घसरली. हाड मोडलं नाही, पण पोळ्याला बैलांची पूजा तिला खुर्चीवर बसून बघावी लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. त्याचा राग तिने माझ्यावर काढला, मी अंगणावर काढला आणि पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, काँक्रीट करून टाका ना.” ‘करून टाका’ हे दोन शब्द पुण्यातून फार सोपे वाटतात. गंमत अशी की जिच्यासाठी हे चाललं होतं ती मायच काँक्रीटच्या विरोधात होती. घसरले मी, तुम्ही मातीला कायले शिक्षा देता, असं तिचं म्हणणं.

आमचं गाव मूल. मूळ गाव कोणतं असं बाहेर कुणी विचारलं आणि मी ‘मूल’ म्हणालो की ते म्हणतात, हो, मूळच विचारतोय. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना मधे लागतं. एका अंगाला ताडोब्याच्या बफरचं जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि गावात राइस मिलांची धुराडी. आमच्या भागाचा धंदा म्हणजे जगाला कच्चा माल पुरवणं. बांबू बल्लारपूरला जाऊन कागद होतो, तेंदूपत्ता कुठेतरी जाऊन बिडी होतो, कोळशाची वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. वाघ तेवढा इथेच राहतो, पण त्याचे फोटो बाहेर जातात. आणि सिमेंट! गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस, जिल्ह्याच्या त्या टोकाला एकापाठोपाठ एक सिमेंटचे कारखाने उभे आहेत. निम्म्या महाराष्ट्राच्या अंगणांची सोय करणाऱ्या जिल्ह्यात बसून मी माझ्या अंगणाची काळजी करत होतो.

हे कारखाने तिथेच का, तर खाली चुनखडी आहे म्हणून. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे म्हणतात. तेव्हा इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या थराला भूशास्त्रज्ञांनी नावही आमच्या जुन्या चांद्याचं दिलं आहे, ‘चांदा लाइमस्टोन’. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, दगडाचं नाव मात्र बदलायचं राहून गेलं. तो दगड फोडायचा, दळायचा, मातीबरोबर चौदाशे अंशांच्या वर भाजायचा, पुन्हा दळायचा. त्यात औष्णिक केंद्रांतून निघालेली कोळशाची राखही मिसळतात. पीपीसी म्हणून जे पोतं मिळतं त्यात पंधरा ते पस्तीस टक्के राख असायला परवानगी आहे. म्हणजे समुद्राचा तळ, जंगलाचा कोळसा आणि वर माझी पेन्शन असं सगळं एकत्र कालवून अंगण होणार होतं.

तर प्रश्न वरच्या पापुद्र्याचा. खालचे चार इंच कसे भरायचे यावर कुणाचं दुमत नव्हतं. वरच्या दोन सुतांवर घर दुभंगलं.

मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. स्टॅम्प काँक्रीट. ओल्या काँक्रीटवर रबराचे साचे दाबायचे की त्यावर दगडी फरशीचा ठसा उमटतो. लाकडाच्या फळ्यांचाही उमटवता येतो. फोटोतल्या अंगणात एक गोरं कुटुंब मांस भाजत उभं होतं. बायकोने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “लाकडासारखं दिसणारं सिमेंट? आपल्याकडे लाकूड कमी आहे का?” आलापल्लीच्या सागवानाच्या मुलखात हा प्रश्न बिनतोड होता. मला मात्र त्या सोंगाचा राग आला नाही. सिमेंटची जातच सोंगाड्याची आहे. १८२४ साली इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने याचं पेटंट घेतलं आणि त्याला ‘पोर्टलँड’ नाव दिलं. कारण काय, तर घट्ट झाल्यावर ते तिकडच्या पोर्टलँड बेटावरच्या नामांकित दगडासारखं दिसेल. जे मुळात दगडाची नक्कल म्हणून बाजारात आलं, त्याने आणखी एका दगडाची नक्कल केली तर त्याला खोटं कसं म्हणायचं? हा युक्तिवाद मी जेवताना मांडला. मुलीकडच्या नातवाने तेवढा ऐकला, कारण त्याला भाजी संपवायची नव्हती.

शेजारच्या काकाजींचं मत होतं गट्टू. आमच्याकडे पेव्हर ब्लॉकला गट्टू म्हणतात. काकाजींनी मागच्या वर्षी लावले होते. लाल-पिवळे, नागमोडी. “उखडले तं काढून पुन्हा बसवता येते,” हा गुण ते सांगत, आणि वर्षभरात तो त्यांनी चार वेळा सिद्ध केला होता. गट्टूंच्या फटींतून त्यांच्याकडे आता इतकं गवत उगवलं होतं की गाय येऊन चरायची.

त्या दिवसांत मला एक खोड लागली. कुठेही गेलो तरी मान खाली. शिवरात्रीला मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठावरची ती देवळं, दगडात कोरलेल्या शेकडो मूर्ती बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि मी आवारातल्या फरशीवर तळवा घासून बघत होतो. भामरागडकडे एका लग्नाला गेलो तर माडिया घराचं अंगण बघत उभा राहिलो. बांबूच्या कुडाच्या आत साधी ठोकलेली माती, पण अशी लख्ख की चप्पल घालून पाऊल टाकायची लाज वाटावी. घरची बाई पहाटे उठून झाडत होती. ती दमानं झाडत होती, मागे मागे सरकत, म्हणजे स्वतःचं पाऊलही उमटू नये. कसलं फिनिश आहे असं तिला विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

गावातल्या एका राइस मिलमध्येही गेलो. तिथल्या मोठ्या काँक्रीटच्या पटांगणावर उकडलेलं धान वाळवतात. पृष्ठभाग आरशासारखा घोटलेला. मुनीमजी म्हणाले, खरखरीत केलं तर दाणे अडकतात आणि फावडं अडतं, त्यापेक्षा हेच बरं. मी खूश झालो. “पावसात?” असं सहज विचारलं. मुनीमजींनी डाव्या कोपरावरचा व्रण दाखवला.

घरी येऊन मिस्त्रीला म्हटलं, नमुने करून दाखव. तो आधी हसला, मग त्याला ती कल्पना आवडली. दीड-दीड फुटांचे तीन चौकोन त्याने अंगणाच्या कोपऱ्यात टाकले. पहिला घोटीव, म्हणजे आपला जुना कोबा. लाकडी रंध्याने सपाट करायचा, वर सिमेंटची भुकटी भुरभुरायची आणि लोखंडी थापीने घोटायचा, चकाकेपर्यंत. दुसरा झाडूचा, थोडं आवळत आलेल्या काँक्रीटवरून झाडू ओढायचा की बारीक रेघा उमटतात. तिसरा गिट्टी उघडी ठेवलेला. त्यात वैनगंगेच्या रेतीतले गोल गोटे घातले होते, आणि काही तासांनी वरचं सिमेंट पाण्याने हलकं धुऊन काढलं की गोटे डोकं वर काढतात.

दोन आठवडे आमच्या घरात या तीन चौकोनांची परीक्षा चालली. बायकोने तिन्हींवर भांड्याचं खरकटं पाणी टाकलं, तेलाचे थेंब टाकले, घासले. नातू तिन्हींवर ओल्या पायांनी उड्या मारून आला आणि घोटीव चौकोनावर ढुंगणावर आपटला. निकाल मोठ्याने रडून जाहीर केला. मी एप्रिलच्या उन्हात दुपारी दोन वाजता अनवाणी उभा राहून बघितलं. तिन्ही चौकोन सारखेच भाजत होते. गोट्यांवर तर भाजतंही आणि टोचतंही. शास्त्रशुद्ध प्रयोग म्हणून मी सेकंद मोजत होतो. काकाजी कुंपणापलीकडून बघत होते. संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं म्हणे, गुरुजींनी कसला नवस केला आहे का.

मायने तिन्ही चौकोन नुसते पाहिले. तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “याचं काम अर्धवट राहिलं.” मिस्त्रीने सांगितलं, आजी, हे असंच असते, याचे पैसे जास्त लागते. “अर्धवटाचे जास्त?” माय म्हणाली, आणि तो चौकोन बाद झाला.

मग तिने पदरातून मूठभर मोहफुलं काढली. चैत्र होता. तिच्या भावाच्या शेतात दोन मोहाची झाडं आहेत आणि दरवर्षी दोन टोपल्या आमच्याकडे येतात. मोहफूल पहाटे पडतं. मलईच्या रंगाचं, टपोरं, हातात घेतलं तर चिकट गार. दोन-तीन दिवस उन्हात वाळलं की मनुकेसारखं तांबूस, सुरकुतलेलं होतं. ते वाळवायचं कुठे, तर अंगणात. मायने फुलं दुसऱ्या चौकोनावर पसरली, संध्याकाळी हाताने गोळा केली आणि झाडूच्या रेघांत अडकलेला चिकटा नखाने काढून मला दाखवला. बोलली काहीच नाही. पहिल्या चौकोनावरून फुलं एका फटक्यात निघाली. म्हणजे नातवाच्या ढुंगणाचा कौल दुसऱ्याला, मोहफुलांचा पहिल्याला.

मला तेव्हा तिचं जुनं सारवण आठवत होतं. शेण आणि पांढरी माती बादलीत कालवायची, पोतेरं बुडवायचं, उकिडवं बसून हात डावीकडून उजवीकडे फिरवायचा आणि मागे सरकायचं. वाळलं की अंगणभर अर्धवर्तुळं दिसायची, एकावर एक चढलेली, खवल्यांसारखी. प्रत्येकाची त्रिज्या मायच्या हाताएवढी. मी पोरांना वर्तुळ शिकवताना कंपास नसेल तर हाताने काढून दाखवायचो, ते तिथूनच उचललेलं. ते फिनिश आठ दिवसांत जायचं. पाऊस आला की त्याच दिवशी. मग ती पुन्हा सारवायची, आणि या वेळी जरा दाट, त्या वेळी जरा पातळ, सणाला कडेने चुन्याची रेघ. घोटीव की खरखरीत हे तिला कधी ठरवावंच लागलं नाही, कारण पुढच्या आठवड्यात बदलता येत होतं. मला मात्र एकदाच ठरवायचं होतं आणि ते माझ्यानंतरही तसंच राहणार होतं. माझा हात आखडला होता तो यामुळेच. बदलीचा अर्ज भरताना असं व्हायचं.

शेवटी निर्णय बायकोने घेतला. तिने खडू घेतला आणि ओसरीला लागून तीन फुटांचा पट्टा आखला. हा घोटीव. इथे रांगोळी आणि मोहफुलं. बाकीचं झाडूचं. तुळशीभोवती चार बाय चार फूट माती तशीच, सासूबाईंच्या सड्यासाठी. पाच मिनिटं लागली. मी म्हटलं, हे दिवाळीतच का नाही सांगितलंस? “तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तं सगळ्यांना समजावून सांगत होते.”

काम निघालं ऐन वैशाखात, पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात असताना. हा शहाणपणा माझाच. मिस्त्री म्हणाला, सकाळी पाचला सुरू करू, नाहीतर वरचं पाणी ऊनच पिऊन टाकन आणि केसासारख्या भेगा पडन. मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं की एका पोत्याला पंचवीस लिटरच्या वर पाणी जायला नको. त्याहून पाणी वाढलं की काँक्रीट ओतायला सोपं जातं, पण घट्ट झाल्यावर कमजोर राहतं. म्हणून मी मिक्सरजवळ बादली घेऊन उभा राहिलो आणि मोजायला लागलो. चौथ्या पोत्यापर्यंत मिस्त्रीने सहन केलं.

“गुरुजी, रेती ओली आहे का सुकी, ते पाहिलं का?”

नव्हतं पाहिलं. वैनगंगेच्या घाटावरून आलेली रेती खालून ओली होती. म्हणजे तिच्यातलं पाणी माझ्या हिशेबात नव्हतं. मिस्त्रीने मूठभर रेती दाबून, सोडून दाखवली, गोळा बांधून राहिला. त्याने दोन लिटर कमी केले आणि मला खुर्ची आणून दिली. खुर्ची सावलीत, अंगणापासून लांब.

उताराचा वाद मात्र झाला. पाणी रस्त्याकडे जावं की काकाजींच्या कुंपणाकडे? काकाजी तोपर्यंत येऊन बसले होते, त्यामुळे रस्त्याकडे. पाच फुटांना एक इंच. मिस्त्रीने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरलं. मधेमधे पट्ट्या बसवून त्याने अंगणाचे सहा भाग पाडले. “भेग तं जाईन,” तो म्हणाला, “थे आपन सांगतो त्या जागेवरून गेली पाह्यजे, एवढंच.”

मग थांबायचं. काँक्रीट ओतून झालं की वर पाणी येतं, पाझरल्यासारखं. ते जाईपर्यंत हात लावायचा नाही. लवकर घोटलं तर वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो, उशीर झाला तर झाडू उमटतच नाही. अंगठा दाबून बघायचा, पाव इंच रुतला की वेळ झाली. मिस्त्रीने खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली आणि खर्रा घोटायला बसला. सुपारी, तंबाखू, चुना, बोटांखाली खरखर खरखर. चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आवाज एसटीच्या हॉर्नइतकाच ओळखीचा. तोंडाचं वाटोळं होतं हे त्यालाही माहीत आहे, मी वर्गात सांगायचो तेव्हा तो तिसऱ्या बाकावर होता. “थंडीत दोन खर्रे लागते,” तो अंगणाकडे बघत म्हणाला. “या उनात एकच.” एक घोटून झाला. त्याने अंगठा दाबला, मान हलवली आणि दुसरी वस्तू घोटायला उतरला.

आता झाडू. मिस्त्री म्हणाला, नवा फडा द्या. आमच्याकडे शिंदीच्या पानांच्या झाडूला फडा म्हणतात. घरात नवा एकच होता, लक्ष्मीपूजनाचा. मायने तो छातीशी धरला. “लक्ष्मीले सिमीटात घालता?” बाजारातून बुरडाकडचा बांबूच्या काड्यांचा खराटा आणला होता, तो मिस्त्रीने एका कोपऱ्यात ओढून बघितला तर नांगरट झाल्यासारख्या रेघा पडल्या. त्या पुन्हा मिटवल्या. ऊन चढत होतं, अंगण डोळ्यांदेखत आवळत होतं, आणि माझ्या सहा महिन्यांच्या अभ्यासाचं सार एका फड्यापाशी येऊन अडलं होतं. शेवटी काकाजी धावत गेले आणि त्यांच्या घरचा फडा घेऊन आले. वापरलेला, टोकाला झिजून मऊ झालेला. मिस्त्रीने तो ओला करून झटकला, फळीवर बसला आणि एका दमात पार पलीकडून अलीकडे ओढत आणला. नव्या फड्याच्या रेघा इतक्या बारीक उमटल्या नसत्या, हे त्यानेच कबूल केलं. गट्टूवाल्या काकाजींच्या घरचा तो फडा आमच्या अंगणावर कायमचा छापला गेला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. हे मला साठीनंतर कळलं. वाळू दिलं की ते अर्ध्यावर थांबतं. म्हणून निदान सात दिवस ओलं ठेवायचं, राखेच्या सिमेंटला आणि अशा उन्हात दहा, जमलं तर चौदा. पहिल्या दिवशी ओली पोती आणि धानाचं तणीस अंथरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दोन घमेली काळी माती घेऊन आला आणि अंगणावर बांध घालू लागला. चार बोटं उंच, आडवे-उभे. चौकोन पडले आणि प्रत्येक चौकोनात त्याने दोन इंच पाणी सोडलं.

माय ओसरीवर बसली होती. ती उठली, पायरीपर्यंत आली.

“या तं बांध्या झाल्या!”

धानाच्या खाचरालाच आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि रोवणीच्या रोपांना पऱ्हे. मायचं सगळं माहेरपण बांधीत गेलेलं. तिने पदर खोचला, पायरीवर बसून हात लांब केला आणि मिस्त्रीने घातलेल्या बांधाचा कोपरा चाचपला. “इथून फुटन.” आणि तासाभरात तिथूनच फुटला. मिस्त्रीने कान पकडले. त्या दिवसापासून बांधांचा ताबा मायकडे गेला. पहाटे उठायची, कुठे झिरपतंय ते बघायची, माती कालवून बोटांनी लिंपायची. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, म्हणून बसून. सहा महिने ज्या काँक्रीटशी तिने अबोला धरला होता त्याच्यावर ती रोज सकाळी मातीचा हात फिरवत होती. वर कुणी काही बोलायची सोय नव्हती, कारण मिस्त्रीनेच सांगितलं होतं, बांध फुटला तर अंगण गेलं.

पाण्याची चोरी मात्र मला जाणवत होती. वैशाखात बोअरवेलला धाप लागते, कूलर दिवसाला दोन टाक्या पितो, आणि मी अंगणात तळं करून बसलेला. ऊन रोज अर्धा इंच उचलून न्यायचं. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी पहिली साळुंकी उतरली. मग जोडी. मग सातभाई, कलकलाट करत, सातचे अकरा. खार तुळशीवरून उतरून बांधावर बसून प्यायली. मधमाश्या ओल्या मातीच्या कडेला ओळीने बसायच्या, शेपटं हलवत. काकाजींच्या गवतावरची गायही आली, पण तिला रोखलं. सगळ्या मूलमध्ये एवढं उघडं पाणी आमच्याचकडे असावं अशी वर्दळ सुरू झाली.

सहाव्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतात. चांदणं लख्ख असतं आणि पाणी एवढंच उरलेलं असतं, त्यामुळे तहानलेलं जनावर दिसतंच. वाघांची मोजदाद आता कॅमेऱ्यांनी होते, तरी ही रात्र अजून लोक हौसेने जागतात. मी एकदा बसलो होतो, नोकरीत असताना. हातात तक्ता, त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी असे रकाने. रात्रभरात दोन चितळ, एक रानडुक्कर आणि सोबतच्या मास्तरांचं घोरणं, एवढी नोंद झाली होती.

त्या रात्री वीज गेली. कूलर बंद पडला. आम्ही ओसरीवर बाज टाकली. काँक्रीट रात्री ऊन परत देतं, पण वर पाणी होतं, त्यामुळे अंगणाकडून अंगाला लागणारी हवा चक्क गार होती. चंद्र बारा बांध्यांत बारा वेळा पडला होता. पाण्याखाली फड्याच्या रेघा दिसत होत्या, बारीक, एका दिशेने गेलेल्या, रोवणी झालेल्या शेतातल्या ओळींसारख्या. मी नातवाची वही घेतली आणि रकाने आखले.

९.४०, बेडूक, ३, लिंग अज्ञात. १०.१५, काकाजींची मांजर, १, मादी. ११.०५, कुत्रा, २, पैकी एक फक्त पाय गार करून गेला. ११.३०, काकाजी, १, नर, झोप येत नाही म्हणून कुंपणावरून आले आणि बांधीत पाय सोडून बसले. १२.२०, पिंगळा, १, पाणी न पिता बघून गेला. दीडच्या सुमारास मुंगूस आलं. ते बांधावर दोन पायांवर उभं राहिलं, आमच्याकडे बघितलं आणि दोन बांध्यांमधल्या वाटेने शेतकऱ्यासारखं चालत पलीकडे गेलं. त्याची नोंद मायने करायला लावली. मी झोपलो होतो.

चौदाव्या दिवशी मिस्त्री फावडं घेऊन आला. अंगण पक्कं झालं होतं, बांध काढायचे, पाणी रस्त्याकडे सोडायचं, मग कसं दिसतं ते बघायचं. मुलाने व्हिडिओ कॉल लावला होता. त्याला फिनिश बघायचं होतं. मी मोबाइल अंगणाकडे धरला तर त्याला साळुंक्याच दिसल्या.

मिस्त्रीने पहिल्या बांधावर फावडं ठेवलं. माय पायरीवर बसली होती, हात मातीने भरलेले.

“थांब नं बापा. रोवणी राह्यली आहे अजून.”

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी काकाजींकडे. मग त्याने फावडं भिंतीला टेकवलं, ओसरीवर टेकला आणि खिशातून पुडी काढली.

“बरं आजी. पऱ्हे कुठून आनू, तेवढं सांगा.”